भाषा शिकवा, पण मत हिरावू नका!



एस्टोनिया देशाच्या पूर्व टोकाला, रशियाच्या हद्दीवर नार्वा नावाचं गाव आहे. तिथे क्रेनहोमची कापड गिरणी 1857 साली निघाली. मुंबईची पहिली गिरणीही त्याच सुमाराची. 1872 साली तिथे मोठा संप झाला, तो मोडायला लष्कर आलं. म्हणजे ती माणसं आपलीच, भोंग्यावर उठणारी, छातीत कापूस भरून घेणारी. त्यांची कहाणी ऐका.

1940 साली स्टालिनच्या फौजेने एस्टोनिया गिळला. मार्च 1949 मध्ये वीस हजारांवर माणसं बायकापोरांसकट सायबेरियाकडे हाकलली. लढाईत नार्वा बेचिराख झालं होतं. जुन्या रहिवाशांना परत येऊ दिलं नाही, गिरणीला माणसं रशियातून आणली. 1934 साली देशात शंभरात 88 एस्टोनियन होते, 1989 साली 62 सुद्धा उरले नाहीत! म्हणून 1989 साली त्यांनी आपली भाषा राजभाषा केली, ते रास्तच केलं. लोकांचं राज्य लोकांच्या भाषेत, यासाठी आमच्या आधीच्या पिढीने याच मुंबईत गोळ्या झेलल्या. हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण 1991 साली देश स्वतंत्र झाल्यावर काय केलं? 1940 पूर्वीचे नागरिक आणि त्यांची मुलंनातवंडं तेवढी नागरिक. बाकी सारे उपरे! 1992 साली देशातला जवळजवळ तिसरा हिस्सा बिननागरिक ठरला. साच्यांवर जन्म काढलेल्या बाईला सांगितलं, आधी भाषेची परीक्षा दे. तोवर हातात राखी पासपोर्ट आणि संसदेला मत नाही. अहो, ती भाषा शिकणार कुठे? खात्यात रशियन, चाळीत रशियन, बाजारात रशियन! त्या बाईने कुठला देश गिळला होता? पाप स्टालिनचं आणि दंड विणकरणीला, हा कुठला न्याय?

2010 साली क्रेनहोमचं दिवाळं निघालं. फाटकाला कुलूप लागलं तेव्हा कुणी कुणाची भाषा विचारली नाही!

गावच्या निवडणुकीतलं मत तेवढं उरलं होतं. 2025 साली घटना बदलून तेही काढलं: आधी रशियन पासपोर्टवाल्यांचं, आणि त्या ऑक्टोबरची निवडणूक उरकल्यावर बिननागरिकांचंही. कारण सांगतात युक्रेनवरच्या हल्ल्याचं. हल्ला मॉस्कोने केला, नार्वाच्या म्हातारीने नव्हे!

आणि मॉस्कोवाल्यांनी तिच्यासाठी गळा काढू नये. 2022 साली मारियुपोलात रशियन बोलणाऱ्यांचीच घरं त्यांच्या तोफांनी पाडली. असले कैवारी नकोत!

2024 पासून तिथल्या शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियन भाषेत चालल्यात. चालू द्या, पोरांना त्यातच पुढे रोजगार मिळेल. पण शिक्षक पुरते द्या, थोरांना कामाच्या वेळात शिकवा, पगार कापू नका. जो इथे घाम गाळतो त्याला इथलं मत द्या. मग तो ती भाषा आपली म्हणून बोलेल.

राजभाषेचा मान राखा! घामाचाही मान राखा!
कामगार एकजुटीचा विजय असो!