काटा खरा बोलला पाहिजे

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. सैनिक बंदुकीला गंध लावतो, सुतार करवत पुसून ठेवतो आणि वाहनचालक गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतो. ज्या साधनाने आपल्याला पोसले आणि राखले, त्याच्याविषयी कृतज्ञ राहावे, हा या पूजेचा अर्थ होय. तथापि माळ घातलेल्या एखाद्या जुन्या जीपमध्ये डोकावून पाहावे, तर पुष्कळदा निराळेच दृश्य दिसते. काचेच्या आत धूळ साचलेली, तबकडीवरचे आकडे पुसट झालेले आणि काटा शून्यावर कायमचा निजलेला. चाकांना आणि इंजिनाला हळदकुंकू मिळते. गाडीची प्रकृती सांगणारी मीटरे मात्र उपेक्षितच राहतात.

जीप हे मूळचे युद्धभूमीचे अपत्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. भारतात ही गाडी रुजवली ती मुंबईत 1945 मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड महंमद' या कंपनीने. फाळणीनंतर यातील भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीने 'महिंद्र अँड महिंद्र' हे नाव धारण केले आणि विलीज जीपची जोडणी करता करता तिची निर्मिती देशात रुजवली. 10 सप्टेंबर 1965 रोजी असल उत्तरच्या रणांगणात जीपवर बसवलेल्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद आठवले, म्हणजे या गाडीचे राष्ट्रजीवनातील स्थान वेगळे सांगावे लागत नाही. पुढे जबलपूरहून जोंगा आणि शक्तिमान आल्या. लष्कराने सेवेतून काढलेल्या अशा कित्येक गाड्या लिलावातून नागरी जीवनात उतरल्या.

सह्याद्रीच्या पश्चिम अंगावरील जव्हार आणि मोखाडा हे तालुके जीपच्याच मुलखातले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. सुरतेच्या मोहिमेवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला होता आणि तेथे जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचे स्वागत केले, अशी या भागाची श्रद्धा आहे. ज्या वाटांवर एके काळी घोडे दौडले, त्या वाटांवर पुढे जीप धावली. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे चढणाऱ्या तोरंगण घाटात भरलेली जीप चालवणाऱ्यास तापमानाच्या मीटरची किंमत कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाणी उकळू लागल्याची वार्ता आधी काटा देतो, वाफ नंतर दिसते.

महायुद्धकालीन जीपमध्ये अशी पाच मीटरे असत : वेग, इंधन, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि विजेचा भार. यांतील प्रत्येकाची रचना म्हणजे साधेपणातील बुद्धिमत्तेचा नमुना होय. तेलाच्या दाबाच्या मीटरात अर्धचंद्राकृती पोकळ नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तेवढ्याने काटा हलतो. फ्रान्सच्या बूर्दाँ याने 1849 मध्ये शोधलेली ही युक्ती आजही जगभर वापरात आहे. वेगाच्या मीटरात केबलने फिरणारे चुंबक आणि काट्याला जोडलेली ॲल्युमिनियमची वाटी यांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते.

अशी यंत्रे मेली म्हणून फेकून दिली जातात, तेव्हा बहुधा ती मेलेली नसतातच. इंधनाचा काटा हलत नाही, याचे कारण अनेकदा मीटरात नसून टाकीच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा अडकलेल्या फ्लोटमध्ये असते. वेगाचा काटा थरथरतो तो वाकलेल्या किंवा कोरड्या केबलमुळे. त्यावर उपाय म्हणून केबलमध्ये ग्रीस कोंबले, तर ते वर चढून चांगले मीटरही बिघडवते. मूळ 6 व्होल्टची गाडी 12 व्होल्टवर नेताना विजेवर चालणारे इंधनाचे मीटर तसेच ठेवले, तर ते जळते. दोष मीटरचा नसतो, घाईचा असतो. तापमानाच्या मीटरची इथर भरलेली बारीक नळी तुटली, तर काम अवघड होते हे खरे. परंतु दुसऱ्या मीटरची शाबूत नळी जोडून, तिचा फुगा बर्फात बुडवून ठेवून डाग देणारे कारागीर आहेत. इथर ज्वालाग्राही असल्याने हे काम शिकलेल्या हातांनीच करावयाचे असते.

मग बाजारातून नवे मीटर आणून बसवले तर काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. जी जीप रोज प्रवासी वाहते, तिला नवे, भरवशाचे मीटर बसवणे हेच शहाणपण आहे. कोइम्बतूरच्या प्रिकॉलसारख्या भारतीय कंपन्यांनी या क्षेत्रात नाव कमावले आहे. स्वदेशी माल उपलब्ध असताना निनावी परदेशी नकलेच्या मागे लागण्याचे कारण नाही. परंतु जी गाडी युद्धात वापरली गेली आणि जी इतिहासाची साक्ष म्हणून जतन करावयाची आहे, तिची गोष्ट वेगळी आहे. तिची मैलांत वेग दाखवणारी तबकडी हा दशमान पद्धतीपूर्वीच्या काळाचा दस्तऐवज आहे. ती काढून त्या जागी चकचकीत नक्कल बसवणे म्हणजे शिलालेख पुसून त्यावर नवा रंग देण्यासारखे आहे. त्यातही ज्या नकलेचा काटा कशालाच जोडलेला नसतो, ती तर सरळसरळ फसवणूक होय. दाखवावयाचे ते खरे दाखवावे, नाही तर काटा बंद आहे हे प्रांजळपणे मान्य करावे.

कायद्याची दृष्टी येथे अपुरी पडते. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. वाहन मूळ स्वरूपात असावे, अशी तिची अट आहे आणि ती अट स्पष्ट करताना सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांचा नामनिर्देश आहे. डॅशबोर्डचा नाही. दुसरीकडे 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचे धोरण लागू झाले. संरक्षण दलांच्या विशेष वाहनांना त्यातून वगळले असले, तरी इतर जुन्या गाड्या भंगारात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीस उपयोगी पडणारी मीटरेही. एकीकडे सुट्या भागांचा दुष्काळ आणि दुसरीकडे त्याच भागांची होळी, हा विरोधाभास सहज टाळता येण्यासारखा आहे. गाडी चिरडण्यापूर्वी तिचा डॅशबोर्ड उतरवून ठेवण्यास कितीसा खर्च येतो?

या कामात एक धोका मात्र ठळकपणे सांगितलाच पाहिजे. महायुद्धकाळातील अनेक लष्करी तबकड्यांवर अंधारात दिसावे म्हणून रेडियममिश्रित रंग लावलेला असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे आहे. आज तबकडी चमकत नाही, म्हणून ती निर्धोक झाली असे समजणे घातक ठरेल. चमक देणारे रसायन थकते, किरणोत्सर्ग थकत नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत असा रंग लावणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करीत. रेडियम पोटात जाऊन त्यांतील कित्येक प्राणांस मुकल्या. अशी शंका असलेले मीटर उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. ते जाणकारांकडून तपासून घ्यावे. तेथे मूळ यंत्राचा मोह सोडून बदली मीटर बसवणे हाच विवेक.

जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले, की शहरी वाचकाला कुपोषण आणि स्थलांतर आठवते. 1992 चे वावर-वांगणीचे बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. दिवाळीनंतर आजही येथील वनवासी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. अशा मुलखात जुन्या मीटरांची चिंता करणे हा श्रीमंती चोचला नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कामातच आहे. मीटरदुरुस्तीला जमीन लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. मल्टिमीटर, बारीक पेचकस, डाग देण्याची सोय, दाब तपासण्याचे प्रमाण मीटर आणि स्थिर हात एवढे लागते. बांबूच्या काडीने भिंतीवर बारीक रेषा काढणाऱ्या आणि बोहाड्याचे मुखवटे रंगवणाऱ्या या मुलखाला स्थिर हात कोणी शिकवावयास नको. जो हात मुखवट्यावर डोळा रेखाटतो, तो तबकडीवर आकडाही रेखाटू शकेल.

उणीव आहे ती शिक्षकाची आणि गिऱ्हाइकाची. लष्कराच्या ईएमई दलाची स्थापना 15 ऑक्टोबर 1943 ची. या दलातून निवृत्त झालेले कुशल कारागीर महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पूर्व सैनिक सेवा परिषद, वनवासी कल्याण आश्रम आणि लघु उद्योग भारती यांनी मनावर घेतले, तर अशा माजी सैनिकांना जव्हारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील तरुणांशी जोडून देणे अवघड नाही. 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' हा अभ्यासक्रम देशात आधीपासून आहे. गिऱ्हाईकही दूर नाही. घाट चढून गेले की नाशिक आणि देवळालीची छावणी, त्यापुढे अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय. शिवाय जुन्या गाड्या सांभाळणारे हौशी मालक मुंबई-पुण्यात आहेतच.

यातून दोन तालुक्यांचे दारिद्र्य हटेल, असा दावा कोणी करू नये. पाच-दहा तरुण भट्टीऐवजी स्वतःच्या टेबलाशी बसले, तरी आरंभ झाला म्हणावयाचे. स्वदेशी म्हणजे केवळ देशात बनलेली वस्तू विकत घेणे नव्हे. हाती असलेली वस्तू नीट जाणणे, ती बिघडली तर दुरुस्त करता येणे आणि ती विद्या पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेही स्वदेशीच होय. सीमेवर ज्या काट्याने जवानाला खरे सांगितले, तो काटा पुन्हा हलता करणाऱ्या हाताचा मानही आपण तितक्याच आदराने राखला पाहिजे.