कागदावरची गोधडी



वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन आटोपले की दोंडाईच्यातल्या आमच्या काही आया-बहिणी तिथेच सतरंजीवर गोधडीचे काम काढून बसतात. थंडीच्या आत गोधडी हातावेगळी व्हायला हवी. धुळे जिल्ह्यातली थंडी पत्र्याच्या घरात काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

यंदा या बैठकीत कागद घालून तुकडे जोडण्याची पद्धत आली. आपल्याकडे ती नवी, पण इंग्लंडमध्ये अशी 1718 सालची चादर आजही जपून ठेवलेली आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे सहा बाजूंचे, मधाच्या पोळ्यातल्या घरासारखे तुकडे कापायचे. त्याहून अर्धे बोट जास्त कापड घेऊन कडा कागदावर मागे दुमडायच्या आणि कच्चे टाके घालायचे. असे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून काठावर बारीक टाक्यांनी शिवायचे. सुई कापडातून जावी, कागदात घुसू नये. चहूबाजूंनी शेजारी जोडले गेले की मधल्या तुकड्याचा कच्चा दोरा उसवून कागद काढून घ्यायचा. तोच पुढे पुन्हा चालतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र घेऊ नका, एक तर तो मऊ, आणि शाई पांढऱ्या कापडाला लागते. शिवाय रद्दी कापायला घेतली की आमच्यातली एक बाई प्रत्येक पान उलटून पाहते, बाबासाहेबांच्या फोटोवर कात्री चालायला नको म्हणून. यात अर्धा तास जातो, पण कोणी कुरकुर करीत नाही.

तीन तुकड्यांचे कोपरे एका टिंबावर येऊन मिळतात, त्या क्षणाचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. पण हे काम रडवतेही तितकेच. मधल्या एका तुकड्याभोवती 6, त्यांच्याभोवती 12, पुढे 18, असे तीन फेऱ्यांत 37 तुकडे होतात. कागद सुतभर मोठा कापला गेला तर पहिल्या फेरीत पत्ताही लागत नाही. तिसऱ्या फेरीत शेवटचा तुकडा जागेत मावेनासा होतो. मग उसवायचे कुठून? रोजमेळ लिहिणाऱ्याला ही गत ओळखीची आहे. फरक दिसतो शेवटच्या पानावर, आणि तो शिरलेला असतो भलत्याच पानावर. याचे कारण बहुधा एकच असते. एका कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा आखला, की दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढा आकार वाढत जातो. म्हणून पुठ्ठ्याचा पहिला साचा जपून ठेवावा आणि सगळे कागद त्याच्यावरूनच आखावेत.

आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजींना हा सगळा खटाटोप पटलेला नाही. "कागद कसाले वं माय? डोया शेतस ना!" असे म्हणून त्या जुन्या लुगड्यांचे थर पसरतात, ठिगळे नजरेने बसवतात आणि कडेपासून आत धावदोरा घालत जातात. त्यांची गोधडी सरळच येते! पण त्यांच्या हाताखाली सुती लुगडी होती. आता आपल्या पेट्यांत सुरतेच्या साड्या आहेत, आणि ते कापड बोटाखालून निसटते. कागद त्याला धरून ठेवतो. साचा घेण्यामागे हौस आहे, तशी ही गरजही आहे. तरी आतल्या थराला सुतीच घ्या. नायलॉनमध्ये घाम जिरत नाही.

शिवणकामापेक्षा अवघड प्रश्न एका शिकलेल्या तरुण मुलीने विचारला. "आम्ही ठिगळे मागे टाकली, तुम्ही ती पुन्हा मांडीवर का घेता?" तिला उडवून लावू नये. प्रेतावरचे कापड हा आपल्या आज्या-पणज्यांचा 'हक्क' म्हणवला जात होता. मनुस्मृतीने चांडाळांना मृतांची वस्त्रेच नेमून दिली होती, आणि तिचे दहन महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण सांगणारी रीत सोडायला सांगितले. कापड आपल्यासाठी कधीच नुसते कापड नव्हते.

पण दुसरी बाजूही पाहा. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराची एक कथा आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी मगधाची शेते पाहिली. बांधांनी आखलेली, चौकटी-चौकटींची. असे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे कापून, जोडून ते केले. त्या शिवणींना कुसि, अड्ढकुसि अशी नावेही आहेत. भगवंतांनी त्याची बुद्धी वाखाणली. कापून जोडलेल्या वस्त्राचा चोराला लोभ सुटत नाही, आणि ते श्रमणाला शोभते. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवरही भिक्खू स्वतःहून घेत. लादलेली चिंधी आणि निवडलेली चिंधी एकच नव्हे, असे मी त्या मुलीला म्हटले. तिला ते अर्धेच पटले. विहारात कोणी आपल्या जुन्या साड्यांचे गाठोडे 'तुम्हाला उपयोगी पडतील' म्हणून पाठवले तर घ्यायचे का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. मंडळाने ठरवले, घ्यायचे नाही. गोधडी आपल्याच घरच्या कापडाची.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे काळ्या लोकांचे गाव आहे. तिथल्या बाया मळ्यातल्या कामाचे फाटके कपडे जोडून गोधड्या करीत. गावकरी मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा, 1962 मध्ये, नदीवरची नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली 2006 मध्ये. त्या भागातल्या बायांनी 1966 मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था काढली, आणि 2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. त्यांनी संस्था काढली, ही बाब मला भिंतीपेक्षा मोठी वाटते.

कारण आपल्याकडे हिशेबच होत नाही. दोन इंच बाजूचा तुकडा धरला तर पाच फूट बाय साडेसात फूट गोधडीला सुमारे 520 तुकडे लागतात. एका तुकड्याला कापणे, दुमडणे, जोडणे मिळून दहा मिनिटे धरा. झाले 87 तास, म्हणजे आठ तासांचे अकरा दिवस. धावदोरा आणि अस्तर वेगळेच. शहरातल्या प्रदर्शनासाठी कोणी गोधडी मागायला आले तर ही बेरीज आधी त्यांच्यापुढे ठेवावी. आम्ही विहारात एक वही घातली आहे. उठताना जी ती आपले तास लिहिते. आजींना लिहिता येत नाही, त्यांचे तास ती प्रश्न विचारणारी मुलगी लिहिते.