कबाब तुर्की, शेगडी बारामतीची!

थंडी पडली की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, ‘या वीकेंडला गावी कोण चाललंय?’ आणि ते गाव बारामती-इंदापूरकडचं असलं, की गाडी फुल्ल व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हुरडा, उसाचा रस, भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरलेले फ्लेमिंगो आणि रात्री मस्त शेकोटी... अजून काय पाहिजे?

गडबड होते ती रात्री, शेगडी पेटल्यावर. ग्रुपमधल्या दोघांचा शनिवार असतो. एकीनं नुकतंच व्हीगन व्हायचं ठरवलेलं असतं. आणि ज्या घरी आपण उतरलोय, तिथली वडीलधारी मंडळी माळकरी असतात. मग आपोआप दोन पार्ट्या पडतात. शेगडीला चिकटून चिकन-मटणवाले आणि लांब खुर्च्या टाकून पनीरवाले. दरवेळी पनीर! त्या बिचाऱ्या पनीरलाही कंटाळा आला असेल.

तर मंडळी, या आठवड्यात आपण करणार आहोत तुर्की पद्धतीचे कबाब, तेही मटणाशिवाय. सोयाचे! थांबा, पान उलटू नका. सोया म्हटलं की होस्टेलच्या मेसमधली ती रबरी वड्यांची भाजी डोळ्यांसमोर येते, हे मला माहीत आहे. पण त्या भाजीवरून सोयाची परीक्षा करणं म्हणजे कॅन्टीनच्या चहावरून आसामची परीक्षा करण्यासारखं आहे.

तुर्कस्तानातही बिनमटणाचं

कबाब म्हणजे मटण, असं आपण धरूनच चालतो. तुर्कस्तानात एक अस्सल कबाब आहे, अदाना शहराच्या नावाचा. कोकराचं मटण आणि मेंढीच्या शेपटीची चरबी ‘झिर्ह’ नावाच्या मोठ्या वाकड्या सुरीनं बारीक करायची, मीठ आणि लाल मिरची घालून मळायची, चपट्या सळईवर थापायची आणि कोळशावर भाजायची. आपल्या शेजारच्या सोलापूरच्या डाळिंबाला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं तिथे या कबाबाला आहे. त्यात तडजोड नाही.

पण त्याच देशात, जरा पूर्वेला गेलं की उर्फा आणि आदियामान लागतं. तिकडचा प्रकार म्हणजे ‘ची कोफ्ते’. मुळात हे कोफ्ते कच्च्या मटणाचे. त्यात बुल्गुर, म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू, आणि तिखट मिरची घालून ते हातानं मळत बसायचं. कच्चं मटण दुकानात विकणं तब्येतीला धोक्याचं, म्हणून त्याच्या विक्रीवर बंदी आली. मग दुकानदारांनी काय केलं? मटण काढूनच टाकलं! आज इस्तंबूलच्या रस्त्यांवर ची कोफ्तेची जी दुकानं दिसतात, तिथे मटणाचा कणही नसतो. बुल्गुर, टोमॅटो-मिरचीचं वाटण, मसाले, वरून डाळिंबाचा आंबट-गोड पाक, आणि हे सगळं पातळ रोटीत गुंडाळलेलं. लोक रांगा लावून खातात. मसुराच्या डाळीचे कोफ्ते तर तिथे घरोघरी होतात.

आता ही यादी पुन्हा वाचा. गहू, मसूर, मिरची, डाळिंब. यातलं इंदापूरच्या बाजारात काय मिळत नाही?

वडीच्या पोटात काय असतं?

सोयाबीनही या भागाला परका नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं प्रायोगिक शेत बारामती तालुक्यातच, होळला आहे. ‘एमएसीएस’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सोयाबीनच्या जाती या संस्थेच्या. २०२१मध्ये तिनं जाहीर केलेल्या एमएसीएस १४०७ या जातीत ४१ टक्के प्रथिनं आहेत आणि तेल जवळपास २० टक्के.

सोयाबीनचं तेल काढून घेतलं की उरते ती पेंड. त्या पेंडीचं पीठ पाण्याबरोबर यंत्रात घालून त्यावर उष्णता आणि दाब देतात. प्रथिनांचे धागे एका दिशेला ओढले जातात, यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताना आतली वाफ सुटते आणि वडी स्पंजसारखी फुलते. म्हणून तर चावताना तंतू लागतात. पण तेल आधीच काढून घेतल्यामुळे वडीला स्वतःचा स्निग्धपणा जवळपास नसतो. अदाना कबाब रसरशीत लागतो तो चरबीमुळे. सोयाचा कबाब कोरडाठक्क होतो तोही त्याच कारणानं. म्हणजे आपल्याला फक्त स्निग्धपणा परत द्यायचाय. त्याची सोय खाली केली आहे.

(जिमवाल्यांसाठी : कोरड्या वड्यांत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, हे खरं. पण भिजल्यावर त्यांचं वजन साधारण तिप्पट होतं. हिशेब करताना तेवढं लक्षात ठेवा!)

तयार फ्रोझन प्रकारही आता आलेत. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ बाजारात आणलं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. पुण्यातून निघताना असं काही मिळालं तर जरूर घ्या. पण गावाकडच्या किराणा दुकानात सोया ग्रॅन्यूल्सचं पाकीट सहज मिळतं, म्हणून आपली रेसिपी त्याचीच.

‘मग मला नगं’

आता थोडं घरचं सांगते. माझी आत्या माळकरी. तिचं घर पालखीच्या रस्त्याजवळ. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर. या पट्ट्यात तुळशीची माळ घातलेलं एखादं तरी माणूस घरोघरी सापडतं. आणि त्याच घरात मटणावर ताव मारणारेही सापडतात. यावर घरांनी फार पूर्वीच तोडगा काढलाय. वशाट अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. त्याची भांडी वेगळी. माळकरी माणूस आत आधीच जेवून घेतं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त सगळी मजा अंगणात चाललेली असते आणि आत्या आत टीव्हीसमोर एकटी.

माझा आतेभाऊ बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. एका थंडीत त्यानं मोठ्या हौसेनं सोयाचे कबाब केले आणि आईला हाक मारली, ‘आई, खाऊन तर बघ, डिट्टो मटणावानी लागतंय!’

‘मग मला नगं,’ आत्या म्हणाली आणि आत गेली.

आम्ही सगळे हसलो, पण तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. जी चव तिनं माळ घालताना सोडली, तीच चव कुणी प्लेटमध्ये घालून समोर धरली, तर तिनं का खावी? ‘मटणासारखं’ हे आपल्या दृष्टीनं कौतुक. तिच्या दृष्टीनं तेच नकाराचं कारण. शिवाय ज्या जाळीवर परवा चिकन भाजलं, त्याच जाळीवर हे कबाब होते. ते तर तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

आणि गंमत बघा. हीच आत्या मासवडी काय फर्मास करते! बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, शेंगदाण्याचं सारण. आकार माशाच्या तुकड्यासारखा, नावातही मासा, सोबत झणझणीत रस्सा. पण चवीत माशाचा संबंध नाही. म्हणून माळकरी पंगतीतही मासवडी बिनधास्त चालते. आपल्याकडचा हा ‘पर्याय’ स्वतःच्या चवीवर उभा आहे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हे मटणाचे पर्याय शाकाहारी लोकांसाठी काढलेत, असं आपल्याला वाटतं. पण त्यांचं कुठे काय अडलंय? पिठलं आहे, हुरडा आहे, मासवडी आहे. अडलंय ते आपलं, मटण खाणाऱ्यांचं. एक रात्र मटण बाजूला ठेवायचं आणि तरी शेगडीची, धुराची, तिखटाची मजा सोडायची नाही, यासाठी हे कबाब आपल्याला हवेत. म्हणजे मन वळवायचं ते आत्याचं नव्हे, आतेभावाच्या मित्रांचं!

पुढच्या खेपेला तसंच केलं. नवी जाळी आणली. त्या रात्री वशाट पूर्ण बंद. मित्रमंडळी जरा कुरकुरली, पण उसाच्या कांड्यांवर थापलेले कबाब बघून गप्प झाली. आत्या बाहेर आली. ‘ह्यात काय काय घातलंय?’ तिनं विचारलं. मी यादी सांगितली : सोयाबीन, मसूर, शेंगदाणे, कांदा, मिरची. मटणाचं नावही काढलं नाही. तिनं एक कबाब खाल्ला, ‘मीठ कमी पडलंय,’ म्हणाली आणि खुर्ची शेगडीजवळ ओढून घेतली.

चला, पेटवा शेगडी!

साहित्य (चौघांसाठी, साधारण १२ कबाब) : सोया ग्रॅन्यूल्स १५० ग्रॅम, मसूर डाळ अर्धी वाटी, भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची १, किसून घट्ट पिळलेला कांदा १, लसूण ६ पाकळ्या, जाडसर कुटलेली ब्याडगी मिरची २ चमचे, जिरेपूड १ चमचा, बारीक चिरलेला पुदिना आणि कोथिंबीर मूठभर, शेंगदाण्याचा कूट ३ मोठे चमचे, डाळव्याचं पीठ ५ मोठे चमचे, फ्रीजमध्ये गोठवलेलं खाण्याचं खोबरेल ४ मोठे चमचे, मीठ (आत्याला विचारून!).

कृती : ग्रॅन्यूल्स उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मग गार पाण्यातून काढून घट्ट पिळा. हे दोन-तीनदा करा, म्हणजे सोयाचा उग्र वास जातो. आळस नको, अर्धी लढाई इथेच जिंकायची आहे. मसूर डाळ कमी पाण्यात शिजवून कोरडी करा. अर्धे ग्रॅन्यूल्स, डाळ, ढोबळी मिरची आणि लसूण मिक्सरमधून काढा. उरलेले अर्धे तसेच ठेवा. वाटलेला भाग पकड देतो आणि न वाटलेला दाताखाली लागतो.

आता खोबरेल सोडून सगळं एकत्र करून पाच-सात मिनिटं चांगलं मळा. शेवटी गोठलेलं खोबरेल बारीक तुकडे करून हलक्या हातानं मिसळा. ते वितळायला नको. शेपटीच्या चरबीचं काम इथे तेच करतं : कबाब निखाऱ्यावर गेला की आतल्या आत वितळतं. मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

सळईऐवजी ऊस वापरा. पेरं काढून, सोलून, करंगळीएवढ्या जाड कांड्या कापायच्या. व्हिएतनाममध्ये कोळंबीचं वाटण असंच उसावर लावून भाजतात, मग उसाच्या मुलखात आपण का मागे राहायचं? ओल्या हातानं मिश्रण कांडीवर चपटं थापा आणि दोन्ही टोकं नीट दाबून बंद करा. कोळशावर पांढरी राख धरली की भाजायला घ्या. प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, मधूनमधून तेलाचा ब्रश. आतलं सगळं शिजलेलंच आहे, आपल्याला हवाय तो फक्त खरपूस पापुद्रा. गॅसवर करायचे असतील तर बिडाचा तवा बेस्ट.

डाळिंबाचा पाक : चार वाट्या डाळिंबाचा रस आणि एका लिंबाचा रस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. पाऊण वाटी उरला की झाला. आपलं भगवा डाळिंब मुळातच गोड, त्यामुळे साखर नको.

सोबत काय? त्याच जाळीवर भाजलेले टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या. उभा पातळ चिरलेला कांदा. तुर्की लोक त्यावर सुमाक नावाची आंबट लाल पूड भुरभुरतात, आपण आमसुलाची पूड घालायची. गुंडाळायला पातळ पोळी, नाहीतर गरम ज्वारीची भाकरी. आणि प्यायला? तुर्कस्तानात कबाबाबरोबर ‘आयरान’ पितात, म्हणजे दही, पाणी आणि मीठ. थोडक्यात, आपलं ताक!

जाता जाता

* चातुर्मास किंवा कुणी जैन असेल, तर कांदा-लसूण वगळून हिंग आणि थोडं आलं घाला. जैन मित्राला आलंही चालत नसेल, तर फक्त हिंग.
* कबाब कांडीवरून सुटत असतील, तर डाळव्याचं पीठ एक चमचा वाढवा. पाणी अजिबात घालू नका.
* सगळं मिश्रण आदल्या रात्री पुण्यातच करून डब्यात घेऊन जाता येतं. वाटेत आइसबॉक्समध्ये ठेवा आणि पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका.
* नवी जाळी घ्यायला विसरू नका. आणि गाडीच्या डिकीत कुणी गुपचूप चिकन आणलं असेल, तर ते रविवारसाठी राहू द्या!