दप्तराविना दहा दिवस

गेल्या पंधरवड्यात आमच्या परिचयाच्या एका घरी जाण्याचा योग आला. घर चांगले सुशिक्षित. आजोबा निवृत्त शिक्षक, वडील पुलांचे आराखडे करणारे इंजिनियर, काका डॉक्टर, आई बँकेत. घरातील मुलगा सातवीत आहे. शाळेने त्याच्या वर्गास गावातील एका सुताराच्या दुकानी काम पाहावयास व करावयास धाडण्याचे योजिले होते, आणि पालकांची संमती मागणारा कागद मेजावर पडला होता. आजोबा म्हणाले, "रंधा मारण्यासाठीच का याला शाळेत घातला? तेवढ्या दिवसांत बीजगणिताचा एक धडा पुरा होईल." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो मामंजी, तेवढीच सहल!" मुलास मात्र कोणीच काही विचारले नाही.

आम्हांस या दोन्ही मतांत सारखीच चूक दिसते. एकाने या कामास हलके मानले, दुसऱ्याने गमतीचे. काम म्हणून कोणीच मानले नाही. म्हणूनच या महिन्यात हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असे सांगितले आहे की, सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना शाळेबाहेर काढावेत, आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकावे. पुढे २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यात कामांचे तीन वर्ग करण्यात आले: सजीवांशी निगडित काम, यंत्रे व साहित्य यांवरील काम, आणि माणसांच्या सेवेचे काम. दरवर्षी प्रत्येक वर्गातील एक, याप्रमाणे तीन वर्षांत नऊ प्रकल्प मुलाच्या हातून व्हावेत अशी ही योजना. सहावीकरिता 'कौशल बोध' हे पुस्तकही २०२४ साली निघाले आहे. मुलाने बाराव्या वर्षी धंदा ठरवावा, असा यातील कशाचाही हेतू नाही. निवडीची वेळ येण्यापूर्वी निवडावयाचे काय काय आहे, हे त्याच्या डोळ्यांखालून व हातांखालून जावे, एवढाच आहे. आपल्या घरांत दहावीचा निकाल लागला की आठ दिवसांत शाखा ठरते. ती बहुधा शेजारच्या मुलाकडे पाहून ठरते; आणि ज्याने रुग्णालय, शेत वा कारखाना आतून कधी पाहिला नाही, तो मुलगा मान डोलावतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या इयत्तांची शाळा वर्षाकाठी २२० दिवस भरावयाची असते. त्यांतून तीन वर्षांत मिळून दहा दिवस गेल्याने बीजगणित बुडते, असे आम्हांस वाटत नाही.

कल्पना काही आजची नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची योजना आखली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. आमच्या पिढीतील बहुतेकांनी या तासाला कागदाची फुले केली व गुण घेतले. त्यापलीकडे त्याचे काही झाले नाही. आमच्या मते याचे मोठे कारण शाळेपेक्षा आपल्या घरांत होते. ज्या विषयास घर किंमत देत नाही, त्यास मूल किंमत देत नाही.

त्या दिवशीची चर्चा इथेच थांबली असती. पण इतका वेळ वाती वळीत बसलेल्या आजींनी एकच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "त्या सुताराचा मुलगाही याच्याच वर्गात आहे ना? मग त्याला कुठे पाठवणार?"

कोणापाशी उत्तर नव्हते. आणि साऱ्या योजनेचे मर्म तर या प्रश्नातच आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी खेड्यांतील प्राथमिक शाळांकरिता एक योजना काढली होती. मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे, आणि उरलेल्या वेळी घरचा धंदा शिकावा. हेतू काहीही असो, लोकांनी तिला कुलधर्माचे शिक्षण म्हटले. कुंभाराच्या मुलास कुंभारच ठेवण्याचा हा घाट आहे, असे म्हणून मोठा विरोध झाला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले व कामराज यांच्या सरकारने ती योजना मागे घेतली. धडा स्पष्ट आहे. ज्या वर्गात सुताराचा मुलगा रंध्याकडे आणि डॉक्टरांचा मुलगा दवाखान्याकडे जातो, तो वर्ग काहीच दाखवीत नाही. जन्माने दाखविलेली वाट तेवढी पक्की करतो. आपल्या घरांनी तर हे अधिक ओळखावयास हवे. लेखणीचे काम आपले व हाताचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी पिढ्यानुपिढ्या आपल्या सोयीची होती. अंगणातला मुलगा सुताराकडे गेला म्हणजे ती वाटणी मोडली, असे समजून आपण समाधान मानले, तर ते अर्धेच काम होईल. दार दोन्ही बाजूंनी उघडले पाहिजे.

हे होऊ शकते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमात शाळेतील मुले व मुली अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी चारही प्रकारची कामे करतात. मुलगी वेल्डिंग करते व मुलगा स्वयंपाकातील पोषणाचा हिशेब मांडतो. कोणाचा मुलगा कोणते काम करील, हे तेथे आडनावावरून ठरत नाही.

तेव्हा वाचकांस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. शाळेचा कागद आला की मुलास आनंदाने पाठवावे, आणि परत आल्यावर "मजा आली का?" असे न विचारता "काय जमले नाही?" असे विचारावे, लाकूड आडव्या रेषांवर का फाटले, हे सांगताना ते जे शिकले ते त्याचे त्यालाच कळेल. दुसरी गोष्ट अधिक अगत्याची. ज्यांच्या हाती दवाखाना, कचेरी, प्रयोगशाळा वा छापखाना आहे, त्यांनी आपण होऊन शाळेकडे जावे, आणि ज्या मुलांच्या घरी असे कोणी नाही त्यांच्याकरिता वर्षातून एक दिवस तरी आपले दार उघडे ठेवावे.

आजोबांनी चष्मा लावून तो कागद पुन्हा वाचला, नातवास जवळ बोलावून "तुला जायचे आहे का रे?" असे विचारले, आणि त्याने मान हलविताच सही केली. वडील काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या हापिसात पुलांचे नमुने ठेवलेले आहेत. साहेबांना विचारून पाहतो, वर्गातली पाचसहा मुले आणता येतील का ते." आजी म्हणाल्या, "सुताराच्या पोराला आधी ने."