वैशाखांतील बर्फ आणि घरची परवानगी

मे महिन्यांत नागपुरांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारीं सीताबर्डीवर शुकशुकाट होतो, आणि वाळ्याच्या ताट्यांची जागा घेतलेले कूलर घरोघर घरघरूं लागतात. त्याच दिवसांत हिमाचल प्रदेशांत, पार्वती नदीच्या खोऱ्यावरील सारपास या सुमारें १३,८०० फूट उंचीच्या खिंडींत, हिवाळ्याचा बर्फ अजून पडूनच असतो. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या पदभ्रमणांतून आजवर कित्येक मराठी तरुण तो तुडवून आले आहेत. आपल्या वरच्या वर्गांतील मुलामुलींना ती ओढ लागावी यांत नवल नाहीं. पण घरीं विषय निघाला कीं वडील म्हणतात, "आधीं परीक्षा, मग डोंगर," आणि आई नुसतीच गप्प बसते.

आमच्या मतें पालकांची भीति खोटी नाहीं. ती भलत्या ठिकाणीं आहे. त्यांना कडे दिसतात, थंडी दिसते. वास्तविक वितळत्या बर्फावर घड्याळाकडे अधिक लक्ष हवें. रात्रीं गोठलेला बर्फ पहांटे टणक असतो, त्यावर पाय ठरतो. ऊन तापलें कीं तोच भुसभुशीत होतो व पाय मांडीपर्यंत आंत जातो. ओढ्यांवर बर्फाचे पूल झालेले असतात. खालून पाणी ते पोखरीत असतें, वरून मात्र कांहींच कळत नाहीं. म्हणून जाणते वाटाडे अंधारांतच निघतात व ऊन चढण्यापूर्वीं खिंड ओलांडतात. डोळ्यांनाही जपावें लागतें. स्वच्छ ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा शेंकडा ८० हून अधिक भाग परत फेकतो; काळा चष्मा नसेल तर त्याच रात्रीं डोळे उघडवत नाहींत.

त्याहून मोठी गोष्ट उंचीची. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १,००० फूट. येथील मूल थोड्या दिवसांत १३,००० फुटांवर गेलें तर डोकें ठणकतें, मळमळतें. तो भित्रेपणा नव्हे, विरळ हवेचा परिणाम होय. १०,००० फुटांच्या वर मुक्कामाची उंची रोज सुमारें १,५०० फुटांहून अधिक वाढवूं नये, आणि त्रास वाढला तर खालीं उतरावें, असा डॉक्टरांचा नियम आहे. सोबत्यांच्या लाजेनें दुखणें लपविणारा मुलगाच सर्वांत अधिक धोक्यांत असतो.

विदर्भांतील मुलांना हें झेपणार नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. मे २०१८ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. (उन्हाळ्याच्या बाबतींत तो जिल्हा आपल्याला हार जाणारा नव्हे!) पण त्यांची हकीकत सांगतांना लोक शिखरच सांगतात, त्यापूर्वींचे महिने सांगत नाहींत. भोंगीरच्या खडकांवर, मग दार्जिलिंगला, मग लडाखच्या थंडींत त्यांची तयारी करून घेतली गेली. आणि तरीही मोहिमेवर गेलेल्या दहांपैकीं पांचांनाच माथा लाभला.

आपल्याला तयारीचे डोंगर शोधीत लांब जावयास नको. रामटेकची टेकडी आहे, चिखलदरा आहे, पचमढीजवळ सातपुड्याचें सर्वांत उंच शिखर धूपगड आहे. तें ४,४०० फुटांहून थोडें अधिक भरतें. पाठीवर ओझें घेऊन ज्यानें दोन हिवाळे हे डोंगर पायांखालीं घातले नाहींत, त्याला हिमालयाची परवानगी देऊं नये, असें आम्ही कडकपणें सांगतों. ज्यानें घातले, त्याला निव्वळ काळजीपोटीं अडवूं नये, हेंही तितक्याच कडकपणें.

आणि पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं नेणाऱ्या मंडळींना विचारावें: बर्फाच्या दिवशीं पहांटे किती वाजतां निघतां? एखाद्याचें डोकें दुखूं लागलें तर त्याच्याबरोबर खालीं कोण उतरतें? भाड्याची व जेवणाची चौकशी सर्वच करतात. हे दोन प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या कानांवर अद्याप आलेलें नाहीं.