पास देणारा स्टॉकटन
बास्केटबॉलमध्ये टाळ्या बास्केट करणाऱ्याला मिळतात. मी मात्र चेंडू नेमक्या क्षणी त्याच्या हाती पोचवणाऱ्या पॉइंट गार्डकडे बघत राहतो, आणि त्यातही जॉन स्टॉकटनकडे. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये यूटा जॅझने त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा गोन्झागा विद्यापीठातला हा सहा फूट एक इंचाचा मुलगा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पुढे १९ हंगाम तो त्याच संघाकडून खेळला, आणि त्यांतल्या १७ हंगामांत त्याने एकही सामना चुकवला नाही! असिस्ट, म्हणजे थेट बास्केट घडवणारे पास, १५,८०६; आजवरच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचा ख्रिस पॉल तीन हजारांहून अधिक मागे. विजेतेपद मिळालं नाही, कारण १९९७ आणि १९९८ च्या अंतिम मालिकांत समोर मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्स होता. तेवढ्यावरून त्याचं मोजमाप करणं मला अन्यायाचं वाटतं. १९९७ च्या मालिकेतला चौथा सामना पाहा: शेवटचं मिनिट, जॅझ एका गुणाने मागे, जॉर्डनचा नेम चुकतो, रिबाउंड स्टॉकटनला मिळतो आणि तो थेट कोर्टाच्या दुसऱ्या टोकाकडे धावणाऱ्या सहकारी कार्ल मलोनला लांबलचक पास देतो. मलोनने बास्केट केला, जॅझने सामना ७८-७३ असा जिंकला.