मँगनीजचा हिशेब खाणीच्या तोंडाशी थांबू नये

प्रति,
महानियंत्रक, भारतीय खाण ब्युरो, नागपूर

महोदय,

१९४८पासून आपली संस्था देशाच्या खनिजांची नोंद ठेवते आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून किती मँगनीज निघाले, कोणत्या प्रतीचे निघाले, हे आपल्या वार्षिक ग्रंथात सापडते. पण मनसर किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघालेला धातू वापरानंतर कुठे जातो, किती परत येतो आणि किती कायमचा हरवतो, हे तिथे सलग वाचता येत नाही. हा ताळेबंद ब्युरोने दरवर्षी मांडावा, अशी माझी विनंती आहे.

तांब्याची तार वितळवली की पुन्हा तांबेच हाती लागते. मँगनीज मात्र पोलादात विरघळून जाते. पोलादातील गंधक आणि ऑक्सिजनचा दोष घालवायला ते लागतेच. त्याला समाधानकारक पर्याय नाही. बांधकामाच्या सळईत ते एक टक्क्याच्या आसपास असते, तर रेल्वेरुळांच्या क्रॉसिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ओतीव पोलादात बारा टक्क्यांच्या आसपास. झिजलेले क्रॉसिंग साध्या भंगारात मिसळून वितळवले, तर त्यातले बरेचसे मँगनीज ऑक्सिजनशी संयोग पावून स्लॅगमध्ये, म्हणजे धातुमळीत, उतरते आणि सळईला हवे तेवढे प्रमाण राखण्यासाठी शेवटी पुन्हा सिलिकोमँगनीज टाकावे लागते. भंगारावर चालणाऱ्या जालन्यासारख्या पोलादनगरीत हा प्रश्न रोजच्या खर्चाचा आहे.

मँगनीज स्वस्त आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. प्रत्येक कण परत मिळवावा, असा माझा आग्रह नाही; कचऱ्यातल्या बॅटरी सेलमधले मँगनीज वेचणे कदाचित परवडणारही नाही. पण कुठे परवडते हे ठरवायला आधी आकडे हवेत. देशात खाणी असूनही दक्षिण आफ्रिका आणि गॅबनमधून मँगनीज आयात करावे लागते. २०१७च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले. ती पूर्ण वापरली आणि टनामागे एक किलो मँगनीज वाचले, तरी वर्षाला तीन लाख टन धातू वाचेल.

दुसरा आक्षेप अधिकारकक्षेचा: ब्युरोने खाणी पाहाव्यात, भंगार इतरांनी. परंतु आपल्या वार्षिक ग्रंथात लोह-पोलादाच्या स्लॅगवर स्वतंत्र प्रकरण असते. म्हणजे खाणीबाहेर आपले पाऊल आधीच पडले आहे. माहितीही अगदीच विखुरलेली नाही. रेल्वेचे भंगार लिलावाने विकले जाते, २०२२च्या नियमांनी बॅटरी उत्पादकांवर नोंदणीचे बंधन आहे आणि मँगनीज काढणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्यालय तर याच शहरात, काटोल रोडवर आहे.

म्हणून पुढच्या ग्रंथात मँगनीजच्या प्रकरणाला एक तक्ता जोडावा: खनिज, आयात, पोलाद, सेल, स्लॅग, भंगार. सुरुवात रेल्वेच्या क्रॉसिंगपासून करावी, कारण तिथे विकणारा एकच आहे. काही रकाने पहिल्या वर्षी रिकामे राहतील. तरीही ते छापावेत. रिकामा रकाना समोर आला, की तो भरण्याची जबाबदारी कुणाची, हेही स्पष्ट होते.

आपला,
नागपूरचा एक नागरिक